धाडसाचा उपदेश आणि जोखमीचा वाटा

उद्योजकता हा शब्द आपल्या विद्यापीठांतून आता परवलीचा झाला आहे. १९८८ साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची स्थापना झाली, तेव्हा तो प्रशिक्षणवर्गांपुरता मर्यादित होता. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र शासनाने 'स्टार्टअप इंडिया' योजनेचा प्रारंभ केला आणि हा शब्द पदवीदान समारंभाच्या व्यासपीठावर येऊन बसला. नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा, असे आज अमरावती-अकोल्याच्या पदवीधरांना सांगितले जाते. हा उपदेश अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांतून ज्यांच्या तारुण्याची पाच-सहा वर्षे निघून जातात, असे तरुण आमच्या धर्मग्रामांतूनही आहेत. त्यांना दुसरी वाट दाखविणे हे पुण्यकर्मच होय.

तथापि या उपदेशाच्या पोटात नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो व्यासपीठावरून सहसा विचारला जात नाही. दुसऱ्याला धाडस करावयास सांगणाऱ्या माणसाची त्या धाडसात काही जबाबदारी असते काय? तरुणाचा व्यवसाय चालला, तर सत्काराच्या दिवशी उपदेश करणारे पहिल्या रांगेत असतात. तो बुडाला, तर कर्जाचा बोजा बापाच्या सातबाऱ्यावर राहतो आणि ती रांग रिकामी असते. यशात सर्वांचा वाटा आणि अपयश मात्र एकट्याचे, ही वाटणी न्याय्य आहे काय? या प्रश्नाचा विचार वऱ्हाडाच्या भूमीवर उभे राहून करावा, असे आम्ही योजिले आहे.

वऱ्हाडात धाडसाची वाण आहे, असे मानण्याचे कारण नाही. येथील कोरडवाहू शेतकरी हा मुळातच उद्योजक आहे. मृगाच्या तोंडावर तो बियाणे, खत आणि मजुरी यांत पैसा घालतो, आणि तो पैसा बहुधा उसना असतो. पाऊस त्याच्या हाती नाही, बोंडअळी त्याच्या हाती नाही, आणि दिवाळीनंतर कापूस बाजारात नेल्यावर काय भाव निघेल हेही त्याच्या हाती नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर जमिनीखालचे पाणीही खारे. विहीर खोदली तरी पिकाला आधार होत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले. युद्ध संपले आणि ते उतरले. सातासमुद्रापलीकडची घटना आपल्या अंगणात कशी येते, याचा धडा येथील शेतकऱ्याला तेव्हापासून मिळत आला आहे. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्या सहांत अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व यवतमाळ हे वऱ्हाडचे पाचही जिल्हे होते. ते साहाय्य शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जाहीर करावे लागले होते, हे वाचकांना सांगावयास नको.

अशा घरातील मुलगा कृषी पदवी घेऊन येतो आणि म्हणतो, 'मी डाळमिल टाकतो.' बाप गप्प बसतो. त्या गप्प बसण्याला आपण भित्रेपणा म्हणतो. आमच्या मते तो अनुभव आहे. ज्या माणसाने जन्मभर एकट्याने जोखीम पत्करली, त्याला जोखीम म्हणजे काय हे व्याख्यात्यापेक्षा अधिक कळते. त्याला धाडस शिकविण्याची गरज नाही. त्या धाडसात त्याला सोबती कधी लाभला नाही, ही खरी उणीव आहे.

उद्योजकतेच्या व्याख्यानांत संत मत्तयच्या शुभवर्तमानातील तालांतांचा दाखला हमखास सांगितला जातो. दोघा चाकरांनी धन्याचे द्रव्य व्यापारात घालून दुप्पट केले. तिसऱ्याने ते जमिनीत पुरून ठेवले. तिसऱ्याला दोष लागला, आणि तो पुसून टाकण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु त्याने दिलेले कारण आपण लक्षपूर्वक ऐकत नाही. त्याला भीती वाटली. धनी कठोर आहे, न पेरता कापणारा आहे, अशी त्याची समजूत होती. धनी खरोखर तसा होता की नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी चर्चिला आहे. आमचा प्रश्न साधा आहे: आपला समाज आपल्या तरुणांना कसा दिसतो? धंद्यात बुडालेल्या मुलाला मुलगी द्यावयास आपण तयार असतो काय? त्याच्या आईला मिस्सानंतर चर्चच्या अंगणात कोणी काय विचारावे, याचे भान आपण ठेवतो काय? समाज कठोर धन्यासारखा वागू लागला, तर तालांत पुरले जाणारच. त्याच दाखल्यात धनी असेही सुचवितो की, स्वतःला व्यापार जमत नव्हता तर निदान पेढीवर ठेवायचे होते. म्हणजे एकट्याचे धाडस आणि जमिनीतला खड्डा यांच्यामध्ये तिसरा मार्ग आहे. अनेकांचा पैसा आणि अनेकांची जोखीम एकत्र करणारी संस्था, हा तो मार्ग होय.

अशा संस्था आपल्या ख्रिस्तसभेला परक्या नाहीत. १९१८ साली वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी सहकारी पतसंस्थेचे बीज रोवले. आजची बॅसिन कॅथलिक सहकारी बँक ही त्याच बीजाची वाढ. स्पेनच्या बास्क प्रांतातील मोंद्रागोन या गावी १९४१ साली होसे मारिया आरिस्मेंदियारिएता नावाचे तरुण धर्मगुरू आले. गाव यादवी युद्धाने पोळलेले होते. त्यांनी १९४३ साली तंत्रशाळा काढली. त्या शाळेतून पुढे आलेल्या पाच तरुणांनी १९५६ साली 'उल्गोर' हा कारखाना उभारला. तेथे रॉकेलवर चालणारे स्टोव्ह तयार होत. १९५९ साली त्यांच्या जोडीला बचत बँक आली. ही बँक केवळ कर्ज देऊन थांबत नसे. नव्या सहकारी कारखान्याची योजना तपासणे, माणसे उभी करणे, पहिली वर्षे सोबत चालणे, हे काम ती करी. या परिवारातील घरगुती उपकरणांचा मोठा कारखाना, मूळच्या उल्गोरचाच वारस, २०१३ साली दिवाळखोरीत निघाला. तेव्हा त्याच्या अनेक कामगार-सभासदांना परिवारातील इतर सहकारी संस्थांनी सामावून घेतले. आम्हांस या कथेतील वाढीपेक्षा हा शेवटचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. संस्थेची नीती तिच्या बुडीत दिवसांत दिसते.

आता आपल्या घराकडे पाहू. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले. त्या विद्यापीठाने गावपातळीवर चालेल अशी लहान डाळमिल तयार केली. 'पीकेव्ही मिनी डाळमिल' या नावाने ती खेड्यापाड्यांत पोहोचली. तुरीची पोती गावाबाहेर जाण्याऐवजी डाळ गावात होऊ लागली आणि बचत गटांच्या भगिनींना व सुशिक्षित तरुणांना तिने रोजगार दिला. येथे विद्यापीठाने नेमके काय केले? यंत्र फसण्याचा धोका त्याने स्वतःच्या प्रयोगशाळेत पत्करला. रचना चुकली असती तर ती विद्यापीठाची चुकली असती. शेतकऱ्याच्या घरातले पैसे त्यात गेले नसते. जोखमीत वाटा घेणे म्हणजे नेहमी पैसाच देणे नव्हे. आधी चुकून पाहणे हाही वाटाच आहे.

दुसरे उदाहरण अचलपूर तालुक्यातील पायविहीर या लहानशा गावाचे. २०१२ साली या गावाला १९२ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडी ग्रामस्थांनी राखली, झाडे लावली आणि तेथील सीताफळे 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने मुंबईच्या बाजारापर्यंत नेली. २०१४ साली या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार मिळाला. हाही उद्योगच आहे. परंतु त्याचा मालक गाव आहे आणि नुकसान झाले तर तेही गावाचे आहे. उद्योजक म्हटले की एकच चेहरा डोळ्यांपुढे आणण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

जोखीम जितक्या अधिक खांद्यांवर, तितकी ती हलकी. मग हे खांदे आपण कोठवर शोधावयाचे? आपल्या गावापुरते? जिल्ह्यापुरते? येथे सीमेचा प्रश्न येतो. वऱ्हाडच्या उत्तरेला सातपुडा आहे आणि सातपुड्यावर महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांची सीमा आहे. ही सीमा फार जुनी असल्याप्रमाणे आपण वागतो. वस्तुतः १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत अमरावती आणि बैतूल, अकोला आणि बऱ्हाणपूर एकाच राज्यात होती. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ मध्य प्रांत आणि वऱ्हाड या दोहोंचे होते. जबलपूरचे आणि अमरावतीचे विद्यार्थी एकाच विद्यापीठाच्या परीक्षेला बसत. अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते १९८३ साली. २००५ पासून ते संत गाडगे बाबांचे नाव धारण करते. घाटाच्या अलीकडे मेळघाटात जे कोरकू बांधव आहेत, तेच पलीकडे बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर या जिल्ह्यांत आहेत. त्यांची भाषा एक आहे; शाळेची भाषा मात्र इकडे मराठी आणि तिकडे हिंदी. पूर्णा ही आपण वऱ्हाडची जीवनदायिनी म्हणतो. ती उगम पावते बैतूल जिल्ह्यात, भैंसदेहीच्या बाजूला. नदीला सीमा ठाऊक नाही, हे वाक्य घासून गुळगुळीत झाले आहे. तिच्या काठावरच्या बाजाराला मात्र ती फार चांगली ठाऊक आहे.

याचे कठोर उदाहरण कापसाचेच. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. व्यापाऱ्यांच्या पिळवणुकीतून शेतकऱ्याला सोडविणे हा तिचा हेतू होता आणि काही वर्षे तिने भावाची हमीही दिली. परंतु त्या कायद्याने शेतकऱ्याला आपला कापूस दुसऱ्या कोणास विकता येईना आणि राज्याबाहेरही नेता येईना. पलीकडे भाव चढा असे तेव्हा आपल्याच शेतातले पीक रात्री चोरवाटेने सीमेपार न्यावे लागे. २००२ साली खाजगी खरेदीला मुभा मिळाली आणि ही कोंडी सुटली. शासनाने जोखीम उचलली खरी, पण मोबदल्यात शेतकऱ्याचे स्वातंत्र्य घेतले. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात एक तत्त्व सांगितले होते: लहान समूहाला जे स्वतः करता येते, ते मोठ्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेऊ नये; तिने त्याला साहाय्य करावे. जोखीम वाटून घेणे आणि माणसाला ताब्यात घेणे यांतील सीमारेषा या तत्त्वाने कळते.

संत्र्याचीही हीच गोष्ट. वरुड-मोर्शीच्या बागा आणि सीमेपलीकडच्या पांढुर्णा-सौंसरच्या बागा हा एकच पट्टा आहे. माती सारखी, रोग सारखे, गळ सारखी, आणि फळ बाजारात उतरण्याचा हंगामही सारखाच. तरीही दोहोंकडचे बागाईतदार एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणूनच उभे राहतात. या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने आयात शुल्क वाढवीत नेले आणि २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ रुपयांवर पोहोचले. येथील बागांतून भाव पडले. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निर्यातदारांसाठी त्या शुल्काचा निम्मा भार उचलण्याची घोषणा केली. ढाक्याच्या निर्णयाचा भार वरुडच्या एकट्या बागाईतदाराने सोसू नये, हे तत्त्व तेवढ्यापुरते तरी मान्य झाले. परंतु रस, साल, तेल, भुकटी यांचे लहान उद्योग दोन्ही बाजूंच्या पदवीधरांनी मिळून उभारले असते, तर एका गिऱ्हाइकावर इतके अवलंबून राहावे लागले नसते. अमरावतीचा विद्यार्थी आणि छिंदवाड्याचा विद्यार्थी एकाच फळाचा अभ्यास करतात. त्यांनी एका टेबलाशी बसून हिशेब मांडावा, यासाठी कोणत्याही घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही.

शासनांना हे जमू शकते याची खूण अलीकडेच दिसली. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार केला. महाराष्ट्रातील २,३४,७०६ आणि मध्य प्रदेशातील १,२३,०८२ हेक्टर क्षेत्राला तिचा लाभ व्हावा, अशी आखणी आहे. लाभक्षेत्रात अकोला, अमरावती, बुलढाण्याचे भाग येतात आणि पलीकडे बऱ्हाणपूर-खंडव्याचे. करार झाला म्हणजे पाणी आले असे नव्हे. पण खारपाणपट्ट्याचे दुःख आणि बऱ्हाणपूरच्या खालावणाऱ्या विहिरींचे दुःख एकाच कागदावर लिहिले गेले, ही गोष्ट लहान नाही.

युरोपात हे काम दोन महायुद्धांच्या राखेतून झाले. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी फ्रान्स व जर्मनी यांचे कोळसा आणि पोलाद एका समान अधिकाराखाली आणण्याची सूचना केली. शूमान स्वतः सीमेवरचे. पहिल्या महायुद्धापर्यंत ते जर्मन नागरिक होते, नंतर फ्रेंच झाले. या श्रद्धावान कॅथलिक गृहस्थाच्या सद्गुणांची थोरवी पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली मान्य केली. १९५८ साली डच-जर्मन सीमेवरील नगरपालिका 'युरेजिओ' या नावाने एकत्र आल्या. तो प्रदेश कापडगिरण्यांचा होता आणि त्या गिरण्यांना उतरती कळा लागलेली होती. राजधान्यांपासून दूर पडलेल्या दोन कडांना आपले दुखणे एकच आहे, हे तेथे उमगले. वऱ्हाडलाही मुंबई दूर आहे आणि बैतूललाही भोपाळ जवळ नाही.

येथे चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवल्यावाचून राहत नाही. आपण त्यात दया पाहतो. तीत थोडा व्यवहारही आहे. तो मनुष्य सीमेपलीकडचा, यहुद्यांना नकोसा. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले, दोन दिनार दिले आणि सांगितले की अधिक खर्च झाला तर परत येताना मी तो भरीन. हे शेवटचे वचन म्हणजे जोखमीत घेतलेला वाटा होय. किती खर्च होईल हे त्याला ठाऊक नव्हते. उतारशाळेच्या चालकानेही परक्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला. एका धंदेवाईकाची आणि एका परदेशी प्रवाशाची पत एकत्र आली, म्हणून तो जखमी जगला असावा. याजक आणि लेवी यांना कदाचित कळवळा आलाही असेल. पण त्यांनी स्वतःचे काही गुंतविले नाही. शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर प्रभू येशूने ज्याने गुंतविले त्याच्याकडे बोट दाखवून दिले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. दुसरा जोखीम उचलणार असेल, तर तरुण बेफिकीर होणार नाही काय? कर्जमाफीचा इतिहास आपल्यासमोर आहे. २००८ साली केंद्राने, २०१७ आणि २०१९ साली राज्याने कर्जमाफी दिली. २००८ च्या वेळी पूर्ण माफीला दोन हेक्टरांची मर्यादा होती. कोरडवाहू वऱ्हाडात जमीन थोडी अधिक आणि उत्पन्न कमी, त्यामुळे अनेक गरजू बाहेर राहिले. आमचे म्हणणे असे की, कर्जमाफी हा जोखमीतला वाटा नव्हे; ती बुडाल्यानंतर फेकलेली दोरी आहे. वाटा घेणारा सुरुवातीपासून सोबत असतो. तो हिशेब विचारतो, चूक दाखवितो, प्रसंगी 'हे करू नकोस' असेही सांगतो. ज्याचे काही गुंतलेले नाही, त्यालाच बेफिकीर धाडसाचे कौतुक परवडते. सर्व नुकसान भरून देणारा समाज तरुणाला बालिश करील, आणि काहीच न देणारा त्याला भयभीत करील. शोमरोन्यानेही आपला प्रवास सोडून दिला नाही; तो आपल्या वाटेने गेला आणि परतीचा शब्द देऊन गेला.

मग आम्ही धर्मग्रामातील कुटुंबांनी काय करावे? पहिली गोष्ट हिशेबाची. लग्नसमारंभात एका दिवशी जे खर्च होते, त्यातला काही भाग चार-पाच कुटुंबांनी मिळून एखाद्या होतकरू मुला-मुलीच्या उद्योगात भाग म्हणून घालावा. उसने म्हणून नव्हे आणि दान म्हणूनही नव्हे. बुडाले तर आपलेही बुडाले, अशा समजुतीने. दुसरी गोष्ट ज्ञानाची. आपल्यात निवृत्त बँक कर्मचारी आहेत, वीज मंडळातून निवृत्त झालेले आहेत, शिक्षक आहेत. त्यांनी आठवड्याचे दोन तास अशा तरुणासाठी ठेवावेत. तिसरी गोष्ट सीमेची. परतवाड्याहून बैतूलकडे रस्ता जातो. तिकडेही आपले श्रद्धावान आहेत आणि अन्य धर्मांचे शेजारीही. आपल्या युवक मंडळांनी सहलीसाठी चिखलदऱ्याला जावे तसे एकदा अभ्यासासाठी त्या रस्त्याने जावे, तिकडचा बाजार पाहावा, हिंदी आणि कोरकू कानावर पडू द्यावी. आणि चौथी गोष्ट, जिला पैसा लागत नाही, पण जी सर्वांत अवघड आहे: ज्याचा उद्योग फसला त्याला पुढच्या रविवारी आपल्या बाकावर जागा करून द्यावी आणि त्याच्याशी दुसरे काही बोलावे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या परिपत्रकात जमीन आणि भांडवल यांच्याही वर माणसाच्या कल्पकतेला आणि इतरांसह काम करण्याच्या क्षमतेला स्थान दिले. त्यातील 'इतरांसह' हा भाग आपल्या पदवीदान समारंभांतून गळून पडतो. विद्यापीठाने तो शिकवावा, शासनांनी त्याला सीमेवर अडवू नये, हे खरे. परंतु तो भाग प्रथम घरात शिकला जातो. या वर्षी ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी नवीन काही करू म्हणेल, त्या घरच्या मोठ्यांनी 'कर' किंवा 'नको' म्हणण्यापूर्वी 'यात आमचा वाटा किती?' असे विचारून पाहावे. उत्तर काय द्यावे, हे प्रत्येक कुटुंबाने आपली ऐपत आणि आपली सदसद्विवेकबुद्धी यांना साक्षी ठेवून ठरवावे.